उत्तरेला काय?

ऑफिसात डबा खाताना पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे मीठ मागितलं ते असं: "ताई, तुमच्या नैऋत्येला मिठाची पुडी हाय, तेवढी इकडं सरकवा."

मी आधी खिडकीकडे बघितलं, मग दाराकडे. ऊन कुठून येतंय ते पाहिलं आणि पुडी शोधली. ती माझ्या डाव्या कोपराशी होती.

"डावीकडची म्हणायचं ना," मी म्हणाले.

"डावं बदलतं. तुमी तोंड फिरवलं की डावं गेलं. नैऋत्य कुटं जात न्हाई."

सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात आणि मोजणीवाल्यालाही. हे जमीन मोजणीच्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे राहुरीकडचे. नोकरीत सगळा जिल्हा पालथा घातला, पण बोली गावचीच राहिली. निवृत्तीनंतर त्यांनी भिंगारच्या जुन्या बाजारात एक खोली घेतली आणि ते प्लॉट विकण्याच्या धंद्यात पडले. पडले हाच शब्द बरोबर आहे, कारण धंदा त्यांना येत नव्हता. मोजता येत होतं.

माझी त्यांची ओळख त्यांच्या पाटीमुळे झाली. मी भाजी घेऊन चालले होते. नव्या पाटीवर लिहिलं होतं, 'एक गुंठा, म्हणजे १००० चौरस फूट, माफक दरात'. मी पुढे गेले, पण माझ्याच्याने राहवलं नाही. परत येऊन आत शिरले आणि म्हणाले, "एक गुंठा म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट होतात. तुम्ही स्वतःचंच एकोणनव्वद फुटांचं नुकसान करताय."

पाटी सकाळीच पेंटर लावून गेला होता आणि भाऊसाहेबांनी ती वाचली नव्हती. ते बाहेर आले, वाचली, आणि त्यांचा चेहरा भर चौकात कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला. स्वतः स्टुलावर चढून त्यांनी ओल्या फडक्याने तो आकडा पुसायला घेतला. रंग वाळला होता. मग त्यांनी त्यावर वर्तमानपत्र चिकटवलं आणि खाली उतरून विचारलं, "ताई, शिक्षान काय?"

"बी.कॉम. पतसंस्थेत अकरा वर्षं होते. आता घरीच असते."

"दुपारचं दोन तास येता का? हितं आकडे बघायला मानूस न्हाई."

त्यांच्या स्कूटरच्या हँडलवर, जिथे लोक देवाचा फोटो लावतात, तिथे होकायंत्र होतं. शर्टाचा खिसा मोजपट्टीच्या वजनाने कायम एका बाजूला ओघळलेला. पण मोजपट्टीपेक्षा त्यांचा भरवसा स्वतःच्या पावलावर होता. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं, त्यात इंचाचाही फरक नाही. मी एकदा संशयाने पट्टी लावून पाहिली होती. चालताना ते मोजत. मध्ये कुणी "काय भाऊसाहेब, कुठं?" म्हटलं तर एक बोट वर करत. तरीही समोरचा बोलतच राहिला तर काही न बोलता मागे फिरत आणि पहिल्यापासून सुरुवात करत. आमच्या बाजारात बोट वर केलेला माणूस दिसला की लोक वाट सोडत.

एवढं दिशांचं वेड, पण वास्तुशास्त्र त्यांना चालत नसे. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "दक्षिणमुखी आहे, काही वाईट तर होणार नाही ना?" भाऊसाहेब म्हणाले, "दिशा बघाय आसत्यात, भ्याय न्हाई." ते गिऱ्हाईक परत आलं नाही. अशी बरीच परत आली नाहीत.

जाहिरातीतल्या शब्दांशी त्यांचं वैर होतं. 'मोक्याचा', 'निसर्गरम्य', 'सुवर्णसंधी' हे शब्द त्यांनी एका कागदावर लिहून भिंतीला लावले होते आणि त्यांच्यावर फुली मारली होती. एका प्लॉटवाल्याने लिहून आणलं, 'भिंगार बाजारपेठ हाकेच्या अंतरावर'. भाऊसाहेब त्याला प्लॉटवर घेऊन गेले, तिथेच उभं केलं आणि स्वतः पावलं मोजत बाजारात आले. मग त्याला फोन लावला.

"हां, मी बाजारात हाय. मार हाक."

"भाऊसाहेब, काहीतरीच काय!"

"मार तर खरं. फोन कानाला नको, लांब धर."

त्या बिचाऱ्याने तिथे माळावर उभं राहून खरंच हाक मारली. भाऊसाहेब बाजारात कानामागे हात धरून उभे होते. थोडा वेळ थांबून ते फोनमध्ये म्हणाले, "न्हाई आली." जाहिरातीत शेवटी गेलं ते असं: 'बाजार, १९४० पावलं.' खाली कंसात मी 'सुमारे दीड किलोमीटर' घातलं. नीट गुणाकार केला तर बावीस मीटर कमी भरतात, म्हणून 'सुमारे'.

ब्लॉगची कल्पना यातूनच निघाली. पेपरातल्या छोट्या जाहिरातीत शब्द मोजून द्यावे लागतात आणि भाऊसाहेबांच्या मते तेवढ्यात प्लॉटच्या दोनच दिशा बसत. "पूर्व-पश्चिम टाकली की उत्तर-दक्षिण ऱ्हाती. आर्धा प्लॉट इकल्यासारखं वाटतं." राहात्याला दिलेल्या त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, की अण्णा, ब्लॉग काढा, तिथे हवं तेवढं लिहिता येतं. हवं तेवढं, हे ऐकून ते दोन दिवस खूश होते.

पान कसं दिसावं हे ठरवायला नगरहून एक डिझाइनर येऊ लागले. त्यांचं फ्लेक्स बोर्डांचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान होतं. माणूस हुशार आणि सोशीक. पहिला नमुना त्यांनी मोठ्या उत्साहाने लॅपटॉपवर दाखवला. निळं आकाश, काचेच्या उंच इमारती, पुढे हसरं जोडपं, जोडप्याच्या हातात किल्ली.

भाऊसाहेबांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"ह्या बिल्डिंगी कोन्त्या गटात हायेत?" त्यांना जमिनीचा गट नंबर हवा होता.

"कुठल्याच नाही भाऊसाहेब. हे नुसतं लुकसाठी."

"आन् हे नवरा-बायको?"

"तेही लुकसाठीच."

"मग किल्ली कशाची हाय? आपुन मोकळे प्लॉट इकतो. प्लॉटला कुलूप कुटं आसतं?"

डिझाइनरने माझ्याकडे पाहिलं. मलाही ती किल्ली खटकलीच होती.

दुसऱ्या नमुन्यात जोडपं गेलं, इमारती राहिल्या. तिसऱ्यात इमारती गेल्या आणि हिरवळ आली. भाऊसाहेब म्हणाले, एवढी हिरवळ आपल्या तालुक्यात दाखवली तर लोक आपल्याला पाणीचोर म्हणतील. चौथ्या बैठकीला त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि स्वतःच आखायला घेतलं. मधोमध एक मोकळा चौकोन. त्याच्या चार बाजूंना चार चौकोन.

"चतुःसीमा," ते म्हणाले.

खरेदीखतात प्लॉटचं वर्णन याच पद्धतीने असतं: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस शेजाऱ्याची मिळकत. जमिनीची ओळख तिच्या चार कडांवरून पटते. भाऊसाहेबांना ब्लॉगचं पान तसंच हवं होतं. प्लॉटच्या बरोबर मध्ये उभं राहायचं, भर दुपारी बारा वाजता, आणि चारही दिशांना तोंड करून चार फोटो काढायचे. प्रत्येक फोटोखाली एक ओळ. प्लॉटचा फोटो नाही.

"प्लॉटचाच फोटो नाही?" डिझाइनर कळवळले.

"त्यो तर पायाखाली ऱ्हानार. जल्मभर बघायचं ते भवतीचं."

"आणि बारा वाजताच का? सकाळी किती छान लाइट असतो!"

"म्हनूनच. सकाळी उकिरडाबी छान दिसतो."

"मधे सगळं रिकामं दिसतंय हो."

"रिकामंच हाय. म्हनून तर इकायचंय."

शेवटी मी मध्यस्थी केली. मधल्या चौकोनात लांबी, रुंदी आणि क्षेत्रफळ असे तीन आकडे टाकायचे ठरले. ते दोघांनाही पटलं. मग पानाचा रंग. भाऊसाहेबांनी पुडीतून मुरूम आणला होता, तो टेबलावर ओतला. डिझाइनरने मोबाईलवर फोटो काढून अगदी तोच रंग पानाला लावला. भाऊसाहेबांनी बाटलीतलं पाणी मुरमावर ओतलं. "आता ह्यो."

"पानाला एकच रंग ठेवतात भाऊसाहेब."

"जमीन ठिवती का?"

तेव्हापासून आमच्या ब्लॉगचा रंग चार महिने गडद आणि आठ महिने फिका असतो. डिझाइनर जाताना मला म्हणाले, "ताई, लग्नपत्रिका एका बैठकीत होते. तुमचं लग्न पाचव्या बैठकीला लागलं." पण गंमत अशी, की पान तयार झाल्यावर ते स्वतःच किती तरी वेळ बघत बसले. चार बाजूंनी चार चित्रं आणि मध्ये शांत मातीचा चौकोन. ते म्हणाले, "इथं उभं राहावंसं वाटतं राव."

आता माझ्या प्लॉटचं सांगते.

माझे यजमान भिंगारला लष्कराच्या एका भांडारात क्लार्क होते. आम्ही एकवीस वर्षं सरकारी क्वार्टरमध्ये राहिलो. त्या वर्षी मेअखेर ते निवृत्त होणार होते आणि क्वार्टर सोडावं लागणार होतं. आमच्याकडे भिंगारच्या कडेला तीस बाय चाळीसचा एक प्लॉट होता, हप्त्यांनी घेतलेला. तो विकून नगरला तयार फ्लॅट घ्यायचा असं ठरलं होतं. तिथे बांधायचं मात्र कधीच मनात नव्हतं, कारण प्लॉटच्या उत्तरेला ख्रिस्ती दफनभूमीची भिंत आहे. सासूबाई होत्या तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं, तिथे चूल मांडायची नाही. आधी दोन गिऱ्हाइकं आली होती. दोन्ही ती भिंत बघून गेली. जानेवारी उजाडला होता. प्लॉट गेला नाही तर फ्लॅट नाही, आणि फ्लॅट नाही तर जून महिन्यात जायचं कुठे, हे मला माहीत नव्हतं.

ब्लॉगवर पहिला प्लॉट माझा टाकायचा असं भाऊसाहेबांनीच ठरवलं. त्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, म्हणून फोटो मीच काढले. पूर्व, पश्चिम, दक्षिण नियमाप्रमाणे मधोमध उभं राहून, बाराला. उत्तरेच्या वेळी मी पुढे गेले. भिंतीला अगदी चिकटले, एका कोपऱ्याला सरकले आणि मोबाईल वर धरला. फोटोत आलं चिंचेचं मोठं झाड आणि आभाळ. खाली ओळ लिहिली, 'उत्तरेस: चिंचेचे झाड.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. चिंच तिथे आहेच.

मी आयुष्यात कधी आकडा लपवला नाही. भाजीवालीने चुकून दोन रुपये जास्त दिले तरी परत केले आहेत. पण त्या दिवशी ते पान मी बिनदिक्कत तयार केलं.

भाऊसाहेब आठ दिवसांनी काळा चष्मा लावून आले. एका डोळ्याने त्यांनी चारही फोटो पाहिले. उत्तरेपाशी थांबले.

"ताई, प्लॉट चाळीस फूट खोल. मधनं भिंत वीस फुटांवर ऱ्हाती. चिंच तिच्याबी पल्याड. मग ती एवढी मोठी कशी दिसती?"

मी बोटाने ती चिंच झाकली.

"मधनं काढा," ते म्हणाले. बाकी काही नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मला रडूच आलं. मी त्यांना सगळं सांगितलं: मेअखेर, क्वार्टर, सासूबाईंची ताकीद, परत गेलेली दोन गिऱ्हाइकं. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्कूटरची किल्ली उचलून परत ठेवली. "मला एका डोळ्यानं चालवता यायची न्हाई. रिक्षा बोलवा. बारा वाजायला धा मिनिटं हायेत."

रविवार होता. मी मधोमध उभी राहिले आणि उत्तरेला तोंड केलं. कमरेएवढी भिंत, भिंतीपलीकडे पांढरे क्रूस, ओळीने. चिंच. आणि चिंचेखाली घडीच्या खुर्चीवर बसलेल्या एक वयस्क बाई, हातात पाण्याची बाटली. एका समाधीजवळच्या गुलाबाला त्या पाणी घालत होत्या.

"फोटो काढताय का?" त्यांनीच विचारलं. "माझा नको गं. तोंड पुसलेलं नाही."

भाऊसाहेब भिंतीपाशी गेले. "बाई, तुमी रोज आसता हितं?"

"रोज कशाला? रविवारी. चर्च सुटलं की येते. मिस्टर आहेत इथं. मी शाळेत शिकवत होते, आता बसायला वेळच वेळ." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "प्लॉट तुमचा का? विकताय?"

मी मान डोलावली.

"आमच्यामुळे जात नसेल," बाई सहज म्हणाल्या. "पण शेजारी म्हणून सांगते, आमच्याकडून कसला त्रास नाही. लाउडस्पीकर नाही, भांडण नाही, भिंत पुढं सरकवणं नाही."

भाऊसाहेब मोठ्याने हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या भिंती सरकलेल्या पाहिल्या होत्या. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, तुमाला लिवू का खाली?"

"लिहा की. फक्त विकू नका."

ओळ अशी गेली: 'उत्तरेस: ख्रिस्ती दफनभूमी. चिंच एक. बाई एक (रविवारी).'

फेब्रुवारीत फोन आला नाही. मार्चमध्ये एक आला, त्या माणसाने "दफनभूमी म्हणजे तीच ना?" एवढं विचारून ठेवला. यजमान म्हणाले, "खरं लिहून कुणी प्लॉट विकलाय का आजवर?" मला एकही उदाहरण माहीत नव्हतं. एप्रिल लागला. मी रोज दुपारी कामं आटोपली की मोबाईलवर ते पान उघडायची. कुणी काही लिहिलंय का बघायला, असं मी स्वतःला सांगायची. लिहिलेलं काही नसे. पण पान लगेच मिटवत नसे. पूर्वेला शेवग्याचं झाड आणि एका घराची मागची भिंत. पश्चिमेला माळ. दक्षिणेला रस्ता. उत्तरेला पांढरी ओळ, चिंच, बाई. मध्ये मोकळा चौकोन. त्या चौकोनात मी मनातल्या मनात स्वयंपाकाचा ओटा कुठे येईल ते बघायला लागले होते.

मग एक दिवस डिझाइनर आले ते घाईघाईने. "ताई, अभिनंदन! तुमच्या प्लॉटचं पान एकशे बारा वेळा उघडलंय."

मी विचारलं, "कोण बघतंय?"

"नाव कळत नाही. पण दोन मोबाईल आहेत, दोन्ही भिंगारचे. एकावरून एकाहत्तर वेळा, एकावरून छत्तीस वेळा. गिऱ्हाईक पक्कं आहे."

एकाहत्तर माझे होते. सुट्ट्या वगळून मी हिशेब केला, बरोबर आला. उरलेले पाच म्हणजे भाऊसाहेब, डिझाइनर आणि तो मार्चमधला माणूस. पण छत्तीस कुणाचे?

संध्याकाळी यजमान पेपर वाचत बसले होते. मी समोर उभी राहिले. "एक विचारू? आपल्या प्लॉटचं पान तुम्ही छत्तीस वेळा उघडलंत का?"

पेपर खाली आला नाही. पेपरामागून आवाज आला, "छत्तीस झालं का? मला वाटलं वीसेक असेल."

"कशाला पण?"

पेपर खाली आला. "उत्तरेला खिडकी ठेवली तर ऊन येत नाही, उजेड येतो. आणि तिकडे कधी कुणी तीन मजले चढवणार नाही." मग म्हणाले, "तुझे किती?"

"एकाहत्तर."

"मग?"

"मग काय. बांधू."

दुसऱ्या दिवशी मी भाऊसाहेबांना सांगितलं की प्लॉट विकायचा नाही. त्यांचं एक गिऱ्हाईक गेलं आणि तेही घरचं. त्यांनी फक्त विचारलं, "सासूबाईंचं काय?" मी म्हणाले, "त्यांनी कधी मधोमध उभं राहून उत्तरेला पाहिलं नव्हतं."

मेअखेर क्वार्टर सोडलं. नऊ महिने दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिलो. पायाची आखणी भाऊसाहेबांनी स्वतः पावलं टाकून केली. गवंडी दोरी घेऊन आला होता, त्याला त्यांनी बोट वर करून गप्प बसवलं. आता ओटा उत्तरेच्या खिडकीखाली आहे. बाई रविवारी येतात, भिंतीवरून चहा घेतात आणि साखर कमी असल्याबद्दल मला बोलतात.

वास्तुशांतीला डिझाइनर आले होते. ते भाऊसाहेबांना म्हणाले, "आता या पानावर लाल पट्टा टाकतो, 'विकला'."

"कोनी इकला? कोनी घेतला?"

"मग पान काढून टाकू?"

"का? दिशा हायेत की आजून."

जेवणं झाल्यावर त्यांनी डिझाइनरला बाजूला घेतलं. काय सांगितलं ते मला दोन दिवसांनी पान उघडल्यावर कळलं. चार फोटो तसेच होते. मधल्या चौकोनातले माझे तीनही आकडे गेले होते, तीस, चाळीस आणि बाराशे. त्या जागी एकच शब्द होता: 'राहतात.'

भाऊसाहेब आता मुलीकडे राहात्याला असतात. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन काही नीट झालं नाही. खोली सोडली, स्कूटर विकली, होकायंत्र बरोबर नेलं. मुलीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि त्यांची तक्रार एकच: "पायाखाली दुसऱ्याचं छत हाय, ताई. मोजायचं काय?" ब्लॉग चालू आहे. मी आणि डिझाइनर मिळून बघतो. जूनमध्ये रंग गडद करायला ते विसरत नाहीत.

भाऊसाहेबांचा फोन आठवड्यातून एकदा येतो, दुपारी बाराच्या सुमाराला. कशा आहात, काय करता असलं ते विचारत नाहीत. परवाही फोन उचलल्याबरोबर तोच प्रश्न.

"ताई, उत्तरेला काय?"

उत्तरेला काय आहे ते मला पाठ आहे. झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण पाठ असलेलं त्यांना चालत नाही आणि आता मलाही चालत नाही.

"थांबा," मी म्हणाले, "बघून सांगते." आणि गॅस बारीक करून खिडकीशी गेले.